भुसा दिसतो, धूळ दिसत नाही



माझे काम भाताचे, आंब्याचे आणि काजूचे. दापोलीला कृषी पदवीसाठी मी जे शिकलो त्यात करवत आणि रंधा कुठे नव्हता. तेव्हा कृषी विस्तार अधिकाऱ्याने सुताराच्या कारखान्यातील धुळीवर लेख लिहावा याचे तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटले असते. पण या विषयापर्यंत मला एका भोपळ्याच्या वेलाने नेऊन पोहोचवले.

फेब्रुवारीचे दिवस होते. मालवण तालुक्यात आचऱ्याला काजूच्या बागा पाहून परतत होतो. एका घरामागच्या मांडवावर भोपळ्याचा वेल दिसला, पानांवर पांढुरका थर. आम्हा लोकांची नजर अशी की पानावर पांढरे दिसले की आधी भुरी आठवते. औषधाचे नाव अगदी ओठांवर आले होते. पान अंगठ्याने पुसले तर बोटाला कोरडी पूड लागली, आणि नाकाशी नेली तर वास लाकडाचा! मांडवाच्या पलीकडेच मांगरात मेस्त्रींचा कारखाना होता. एका बाजूला गोठा, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराची पडवी, आणि मध्ये गोल करवत, रंधा मशीन आणि घासायचे सँडर अशी तीन यंत्रे.

ही परिस्थिती आपल्या भागात नवी नाही. चार महिने शेती आणि उरलेले महिने दारे-खिडक्या, माजघराचे फर्निचर, देव्हारे, असा संसार अनेक घरांत चालतो. पूर्वी हाताची करवत आणि हाताचा रंधा होता. त्यातून सालपे निघत, जाडसर भुसा पायाशी पडे, तो चुलीला जाई. आता मुलांनी विजेची यंत्रे आणली, काम दहापट वाढले आणि भुशाची जातच बदलली. सँडरमधून निघते ती पूड पिठापेक्षाही हलकी. ती पायाशी पडत नाही. हवेत राहते.

मेस्त्रींच्या मुलाने धूळ ओढणारे यंत्रही घेतले होते. सगळे त्याला डस्ट कलेक्टर म्हणतात. खाली मोटर आणि पंखा, वर कापडी पिशवी, खाली प्लॅस्टिकची पिशवी आणि यंत्रापर्यंत येणारा वळ्यावळ्यांचा पाइप. यंत्र घेतल्यावर वर्षभर ठीक चालले. मग मोटर जळली, ती रिवाइंडिंगला गेली, परत आली, आणि तेव्हापासून ओढच नाही. पिशवी चोंदली असेल म्हणून नवी पिशवी आणली. फरक नाही. पाइप फाटला असेल म्हणून पाइप बदलला. तरी फरक नाही. "सायबा, पंखो फिरता, वारो येता, पण भुसो थयच," मेस्त्री म्हणाले.

यंत्रातले मला फारसे कळत नाही, पण विहिरीवरच्या पंपातले थोडे कळते. थ्री फेज पंपाच्या दोन वायरी उलटसुलट जोडल्या गेल्या की पंप उलटा फिरतो. गंमत अशी की पाणी तरीही येते, फक्त कमी येते. त्यामुळे शेतकरी विहीर आटली म्हणून विहिरीला दोष देतो. हा पंखाही त्याच जातीचा. उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने फेकतो, पण अर्धीमुर्धी. मुलाला म्हटले, यंत्र चालू करून लगेच बंद कर आणि पंखा थांबता थांबता कोणत्या बाजूने फिरतो ते बघ. पंख्याच्या कवचावर बाण कोरलेला होता. पंखा बाणाच्या उलट फिरत होता. दुसऱ्या दिवशी वायरमनने मुख्य स्विच पाडून दोन वायरींची अदलाबदल केली, आणि पाइपच्या तोंडाने मुलाच्या हातातला रुमाल हिसकावून घेतला. तोवर दोन हंगाम आणि एका पिशवीचे, एका पाइपचे पैसे गेले होते.

पैशांचे जाऊ द्या. दोन हंगाम ती धूळ गेली कुठे? थोडी भोपळ्यावर गेली. बाकीची घरातल्या माणसांच्या छातीत.

मेस्त्रींना खोकला होता. विचारले तर म्हणाले, पावसाचा. फेब्रुवारीत पावसाचा खोकला! पण मला काळजी वाटली ती त्यांच्या सुनेची. यंत्रे बंद झाली की रोज संध्याकाळी ती माडाच्या हिरांच्या झाडूने सारा मांगर झाडायची. पुरुषमाणसे तोवर खळ्यात चहा पीत बसलेली. दिवसभर खाली बसलेली सगळी बारीक पूड झाडूने पुन्हा वर उठते, आणि झाडणारी बाई तिच्या मधोमध उभी असते. तिने यंत्राला कधी हातही लावला नव्हता. पण त्या घरात सगळ्यात जास्त धूळ बहुधा तिच्याच वाट्याला येत असेल. पडवीत तिचे मूल पाळण्यात निजलेले होते.

धूळ बघायची कशी?

कौलारू घरात एखादे काचेचे कौल असते. दुपारी त्यातून उन्हाचा कवडसा पडतो आणि त्यात धुळीचे कण नाचताना दिसतात. बाकी खोली स्वच्छ वाटते. ती स्वच्छ नसते, फक्त तिथे कवडसा नसतो. रात्री मांगरातले दिवे मालवा, यंत्र चालू ठेवा आणि एक चांगली बॅटरी कापडी पिशवीच्या मागून आपल्याकडे तोंड करून धरायला सांगा. बॅटरी थेट डोळ्यांत येऊ देऊ नका, कडेने बघा. पिशवीच्या शिवणीतून, बांधलेल्या पट्ट्याच्या कडेतून धुरासारखे काही निघताना दिसले, तर ते यंत्र धूळ गोळा करत नाही, घरभर वाटते आहे. आम्ही त्या संध्याकाळी हे करून पाहिले. पंखा सरळ झाला होता, ओढ आली होती, पण कापडातून बारीक पूड बाहेर येतच होती. स्वस्त पिशवीचे कापड भुसा अडवते, धूळ अडवत नाही.

आणि अपाय धुळीचाच. नाकातले केस आणि शेंबूड मोठे कण अडवतात. डोळ्यांना न दिसणारे कण खाली फुफ्फुसापर्यंत जातात. सतत वाहणारे नाक, शिंका, कोरडा खोकला, धाप ही नेहमीची लक्षणे. रविवारी, सणासुदीला बरे वाटते आणि काम सुरू झाले की पुन्हा सुरू होते, असे असेल तर डॉक्टरांना आपला धंदा आवर्जून सांगा. नाहीतर दम्याचे औषध चालू राहील आणि धूळही चालू राहील. सागवान आणि शिसवीच्या धुळीने काहींच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येते. प्लायवूड आणि एमडीएफच्या धुळीत लाकडाबरोबर गोंदही असतो, त्यात फॉर्मल्डिहाइड असते. देशी लाकूड सोडून एमडीएफकडे वळलेल्या कारखान्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

इंग्लंडमध्ये हाय वायकोम नावाचे खुर्च्या बनवणाऱ्यांचे जुने गाव आहे. 1960 च्या दशकात तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आले की नाकाच्या आतल्या पोकळीचा एक दुर्मीळ कर्करोग फर्निचर कामगारांतच वारंवार दिसतो आहे. अनेकांनी तरुणपणी धुळीत काम केले आणि दुखणे उमटले तीस-चाळीस वर्षांनी. पुढे 1995 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणारी म्हणून नोंदवली. हा रोग क्वचितच होतो, म्हणून घाबरून जाऊ नका. पण ज्या मुलाच्या हाती आज सँडर आहे, त्याच्या साठीचा हिशेब आजच मांडला जातो आहे, एवढे खरे.

किती धूळ चालेल? युरोपात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा 2023 पासून एक घनमीटर हवेत 2 मिलिग्रॅम अशी आहे. कष्ट करणारा माणूस तासाला सुमारे एक घनमीटर हवा ओढतो. म्हणजे दिवसभराच्या कामात वीस मिलिग्रॅमच्या आतबाहेर, मिठाच्या चिमटीपेक्षाही कितीतरी कमी. आपल्याकडे 1948 च्या कारखाना कायद्यातही चौदाव्या कलमात धूळ जिथे उठते तिथेच ती ओढून घ्यावी असे म्हटले होते. पण तो कायदा विजेवर चालणाऱ्या, दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी. बापलेकांच्या मांगरात तो कधी आलाच नाही. तिथे जे करायचे ते घरच्यांनीच करायचे.

यंत्राची निगा

आधी यंत्राचे तत्त्व समजून घ्या, तुम्हाला ते अवघड नाही. भात वारवताना दाणा जवळ पडतो, पळिंज दूर उडते. भातगिरणीच्या मागे जो नरसाळ्यासारखा पत्र्याचा शंकू असतो तो हेच काम गोल फिरवून करतो. जड कण कडेला आपटून खाली घसरतात, हलकी हवा मधून वर जाते. मोठ्या सुतारशाळांत असा शंकू आधी आणि पिशवी नंतर लावतात. जमल्यास तसा शंकू जरूर लावावा, कारण त्यामुळे पिशवीवर फक्त बारीक धूळ येते आणि पंख्यावर लाकडाचे तुकडे आपटत नाहीत.

पाइपात हवेला वेग लागतो. सेकंदाला वीस मीटरच्या आसपास वेग असला तर भुसा वाहतो, कमी झाला तर ओहोळात गाळ बसावा तसा पाइपच्या तळाशी बसतो. म्हणून लांबच लांब वळ्यांचा पाइप नको. वळ्यांत हवा अडखळते. शक्य तिथे गुळगुळीत सरळ पाइप, वळण मोठ्या घेराचे, आणि वळ्यांचा पाइप फक्त शेवटचा हातभर. तीन यंत्रांना तीन फाटे असतील तर प्रत्येक फाट्याला झडप लावा आणि जे यंत्र चालू आहे त्याचीच उघडी ठेवा. पाटाचे पाणी तिन्ही वाफ्यांत एकदम सोडले तर एकही नीट भिजत नाही, तसेच हे. महिन्यातून एकदा पाइपवर बोटाच्या पेराने टकटक करत जा. पोकळ आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तिथे भुसा तुंबला आहे.

पिशवी केव्हा झाडायची, हा प्रश्न सगळे विचारतात. अंदाजावर जाऊ नका. गवंडी पाणसळ बघायला पारदर्शक नळी वापरतो, तशी हातभर नळी घ्या. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बसवा आणि तिच्यात थोडे रंगीत पाणी घाला. तिचे एक टोक पंखा आणि पिशवी यांच्या मधल्या पत्र्याला लहान भोक पाडून घट्ट बसवा, दुसरे उघडे राहू द्या. पिशवी साफ असताना सगळ्या झडपा उघडून यंत्र चालू करा आणि दोन्ही बाजूंच्या पाण्यातील फरकावर खूण करा. पुढे दर वेळी सगळ्या झडपा उघड्या ठेवूनच बघायचे. फरक खुणेपेक्षा वाढत गेला तर पिशवी चोंदत आहे. फरक कमी झाला तर पिशवी फाटली आहे, किंवा अलीकडे पाइप तुंबला आहे, किंवा मेस्त्रींसारखा पंखा उलटा फिरतो आहे. दहा-वीस रुपयांच्या नळीने त्यांची नवी पिशवी वाचली असती.

झाडताना पंखा बंद करा, धूळ बसायला थोडा वेळ द्या, मग पिशवी हलक्या हाताने हलवा. काठीने बडवू नका, शिवणी उसवतात. कंप्रेसरची हवा जवळून मारू नका, कापडाचे छिद्र मोठे होते. पिशवी अगदी नव्यासारखी लख्ख करण्याचाही हट्ट नको. आतल्या अंगाला धुळीचा जो पातळ थर बसतो, तोच बारीक धूळ अडवतो. बिडाचा तवा जुना झाला की घावन सुटते, तसेच काहीसे. पिशवी घेतानाच दाट, नमद्यासारख्या कापडाची घ्यावी. ते महाग असते, पण स्वस्त पिशवी म्हणजे छातीची गाळणी.

आता आपल्या किनाऱ्याचे खास दुखणे. पावसाळ्यात हवा ओली, पिशवी ओली, आणि ओल्या कापडावर धूळ लाह्यापिठासारखी थापली जाते. वरून बुरशी धरते. मिरग लागण्यापूर्वी पिशवी काढून उन्हात वाळवा आणि जमल्यास दुसरी जोड ठेवा. खाऱ्या वाऱ्याने पंख्याची पाती गंजतात. एका पात्यावर गंज किंवा डिंकाळ भुसा जास्त चढला की पंखा डोलतो, घरघर वाढते, बेअरिंग जाते. आवाज बदलला की थांबा. वीज पूर्ण तोडून, झाकण काढून पाती खरवडा. लोखंडी सांगाडा आणि पाइपावरची तार जमिनीशी जोडून घ्या. सुकी धूळ पाइपातून वाहताना वीज साठते आणि हाताला झटका बसतो.

यंत्र शक्यतो मांगराबाहेर, छपरी काढून ठेवा. जी धूळ कापडातून निसटेल ती निदान खोलीत परत येणार नाही. पण बाहेर म्हणजे विहिरीजवळ नव्हे, गोठ्याच्या खिडकीखाली नव्हे आणि भोपळ्याच्या मांडवाशी तर नव्हेच!

झाडूचे काय? कोरडा झाडू बंद. यंत्राचाच पाइप सोडवून जमिनीवरून फिरवा, किंवा जमिनीवर ओला भुसा पसरून मग लोटा. पिशवी रिकामी करताना आणि लोटताना एन-95 मास्क बांधा. हे नाव 2020 नंतर कुणाला सांगायला नको. तोंडाला गुंडाळलेला टॉवेल भुसा अडवतो, धूळ नाही. आणि लोटायचे काम ज्याने धूळ केली त्याने करावे, असे माझे आपले मत आहे. मेस्त्रींसमोर मी ते बोललो तेव्हा सून पदराआड हसली. मेस्त्री मात्र हसले नाहीत.

आगीची गोष्ट

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 2012 साली दोन लाकूडगिरण्या धुळीच्या स्फोटाने उडाल्या, जानेवारीत बर्न्स लेक येथे आणि एप्रिलमध्ये प्रिन्स जॉर्ज येथे. दोन्हीकडे प्रत्येकी दोन माणसे गेली. इंग्लंडात बॉस्ली येथे 2015 च्या जुलैमध्ये लाकडाचे पीठ करणाऱ्या गिरणीत चार गेली. लाकडाचा ओंडका पेटवायला फुंकणीने जीव जातो, पण त्याचीच पूड हवेत उडालेली असली तर एका ठिणगीने भडकते. आपल्या लहान मांगरात स्फोटापेक्षा पिशवी धुमसण्याचा धोका जास्त.

ठिणगी येते कुठून? आपल्याकडे जुनी घरे मोडली की वासे, तुळया, चौकटी पुन्हा कापतात. फणसाची, किंजळीची शंभर वर्षांची लाकडे, सोन्यासारखी! पण त्यांत गंजके खिळे मोडून बसलेले असतात. पाते खिळ्यावर घासते, तापलेला तुकडा भुशाबरोबर ओढला जातो, पंख्यावर आपटतो आणि पिशवीतल्या भुशात जाऊन बसतो. संध्याकाळी सगळे जेवून झोपतात आणि मध्यरात्री धूर येतो. म्हणून जुने लाकूड लावण्यापूर्वी लोहचुंबक फिरवा, आणि पिशवी रोज संध्याकाळी रिकामी करा. भुसा घरापासून दूर, पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवा. जवसाच्या तेलाने पॉलिश केलेली फडकी भुशात कधीही टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. ती उघड्यावर पसरून वाळवा. पिशवीतून धूर दिसला तर आधी पंखा बंद, कारण तोच आगीला वारा घालतो. वीज तोडल्यावर पाणी हलके शिंपडा. जोराची धार मारली तर धूळ उडेल आणि तीच पेटेल.

आचऱ्याच्या लोकांना एक जास्तीची आठवण. श्री रामेश्वराचा कौल झाला की साधारण तीन-चार वर्षांनी गावपळण होते आणि सारा गाव गुराढोरांसह, कोंबड्या-कुत्र्यांसह वेशीबाहेर तीन दिवस तीन रात्री राहतो. मागे कुणी नसते. निघण्याच्या गडबडीत गाडीत चूल, भांडी, पाळणा सारे चढते. त्याआधी पिशवी रिकामी झाली का आणि मुख्य स्विच पाडला का, हे एकाने बघून यावे.

उरलेल्या भुशाचे

आता माझ्या प्रांतात येतो. रोज पिशवीभर भुसा निघणार, त्याचे काय? बरेच जण तो सरळ कलमांच्या आळ्यात टाकतात आणि पाने पिवळी पडली की मला बोलावतात. भुशात नत्राच्या एका भागामागे कर्ब 400 भागांच्या आसपास असतो. भाताच्या पेंढ्यात तो 70-80, शेणात 20-25. भुसा मातीत मिसळला की त्याला कुजवणारे जीवाणू मातीतले नत्र ओढून घेतात आणि झाड उपाशी राहते. म्हणून ताजा भुसा मातीत मिसळू नका. खड्ड्यात भुसा, शेण, हिरवा पाला असे थर द्या, शेणाची आणि पाल्याची बाजू मोठी ठेवा, ओल ठेवा आणि निदान वर्षभर थांबा. मातीवर पातळ आच्छादन म्हणून चालेल, खोडाला टेकवू नका, वाळवी येते. गोठ्यात मूत शोषायला आणि कोंबड्यांखाली रंध्याची जाड सालपे घाला, सँडरची पूड नको. जनावराच्या फुफ्फुसालाही ती तेवढीच वाईट.

हे सगळे फक्त साध्या लाकडाच्या भुशाचे. प्लायवूड, एमडीएफ आणि रंग दिलेल्या लाकडाचा भुसा शेतात नाही, गोठ्यात नाही आणि चुलीतही नाही. म्हणून दोन्ही भुसे पहिल्यापासून वेगळ्या पोत्यांत भरा.

पुढच्या खेपेला मी आचऱ्याला गेलो तेव्हा डस्ट कलेक्टर मांगराच्या मागे छपरीत गेला होता. पत्र्याला नळी लावलेली होती आणि फळीवर सुताराच्या पेन्सिलीची ठळक खूण होती. मांगर मुलगा पाइपने साफ करत होता. मेस्त्री मालवणला डॉक्टरांना छाती दाखवून आले होते. भोपळ्याचा वेल काढून तिथे पडवळ लावले होते. पानांवर दोन-चार पांढरे ठिपके दिसले. अंगठ्याने पुसून वास घेतला. या वेळी ती खरोखरच भुरी होती.